केसाएवढी सुई

जी वस्तू धड डोळ्यांना दिसत नाही ती बनवायची नोकरी असली, की सांगण्यासारखं आपोआप साठत जातं. वरसे गावात आमची छोटी लॅब आहे. माणसं तीनच: देवधर मॅडम, सोनाली आणि मी. मेंदूत बसवायची केसाएवढी सुई आम्ही बनवतो. त्या एकाच सुईने पेशींचे सिग्नल टिपायचे आणि तिच्यातूनच औषधही सोडायचं.

पहिली सुई तयार झाली तेव्हा मी कौतुकाने वाकलो आणि शिंकलो. सुई गेली! सोनाली आणि मी फरशीवर रांगत होतो. मॅडम आल्या, आम्हाला बघितलं आणि म्हणाल्या, "शोधू नका. दुसरी करा."

*

मग सुया मोडायला लागल्या. मेंदूसारखी मऊ जेली करून त्यात सुई घालायचो, की टोक गेलंच. पावसाळाभर हेच. एक दिवस टोकाऐवजी मुळाशी मोडली. मी वैतागून नोकरी सोडतो म्हणून सांगायला गेलो, तर मॅडम खूश. टोक टिकलं म्हणे, आता मुळाचं बघू. माझं सांगायचं राहूनच गेलं.

*

उंदरावरच्या चाचणीसाठी मुंबईला निघालो, तर वडखळला पोलिसाने गाडी अडवली. सोनालीच्या मांडीवरच्या डब्यात काय आहे, विचारलं. तिने सरळ सांगितलं, डोक्यात घालायची सुई. त्याने तो रिकामा दिसणारा डबा पाहिला, मग आम्हाला पाहिलं आणि जायला सांगितलं. जरा घाईनेच.

चाचणीत स्पीकरवर बारीक तडतड ऐकू आली. बेशुद्ध उंदराच्या मेंदूतल्या पेशी! मग औषध सोडलं, सुईतली नळी तुंबली आणि आवाजही बंद पडला. परतताना पेण मागे पडल्यावर मॅडम म्हणाल्या, "ऐकू आलं होतं ना? मग उद्यापासून नळी बघू."

*

सोनालीचे वडील गागोद्याला भातशेती करायचे. आता कंपवाताने हात आणि मान सतत हलतात. लेक काय करते ते बघायचंच, असा त्यांनी हट्ट धरला, म्हणून ती त्यांना लॅबमध्ये घेऊन आली. पण मायक्रोस्कोपला डोळा टेकेना. शेवटी सोनालीने मागून दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं. बराच वेळ ते बघत राहिले.

मग विचारलं, "माझ्यासाठी हाय का गो हे?"

मॅडम खिडकीकडे वळल्या. मी उगाच खण उघडला. माणसापर्यंत पोचायला अजून किती वर्षं जातील, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"नाय, बाबा," सोनाली म्हणाली. "तुमच्या टायमाला नाय व्हायचं."

त्यांनी मान हलवली, की ती आपली आपण हलली, कळलं नाही. दाराशी जाऊन चपला घालू लागले. सोनाली सोडायला निघाली, तर म्हणाले,

"मंग तू कशाला येतेस? रिक्षा गावंल मला. तू बस कामाला."