बधिर म्हणजे बेशुद्ध नाही

आमच्या दवाखान्यात याडीला विचारल्याशिवाय कोणी खुर्चीवर बसत नसे. खुर्ची माझी, दवाखाना माझा, पदवी माझी. पण पेशंटला आत सोडायचं की नाही, हे दारातल्या स्टुलावर बसलेली याडी ठरवायची. तिची अट एकच होती. आज आपल्या तोंडात काय होणार आहे, हे पेशंटनं तिला स्वतःच्या शब्दांत सांगायचं. जमलं नाही तर ती त्याला पुन्हा बाकावर बसवायची आणि पहिल्यापासून समजावायची. मग तो तालुक्यातला पुढारी असो, की तांड्यावरची म्हातारी.

बंजाऱ्यांच्या गोर बोलीत आईला याडी म्हणतात. तांड्यावरचे पेशंट तिला याडी म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. मी साताऱ्याकडची. लग्नानंतर आर्णीत आले आणि बसस्टँडपासून जवळच एक गाळा घेऊन दातांचा दवाखाना टाकला. झाडपूस करायला आणि हत्यारं उकळायला बाई हवी होती. पन्नाशी ओलांडलेली, चौथी शिकलेली याडी आली. पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं, "मॅडम, ते रूट क्यानल म्हन्ता न तुमी, ते काय असते? लोक बाहेर मलेच इचारतात."

मी सांगितलं. तिनं तीन-चार उलटे प्रश्न विचारले. दुसऱ्या दिवशी दारातून तिचा आवाज आला: "दाताच्या आत नस असते. तुही नस सडली. मॅडम ते सडकं काढते, पोकळी धुते आन मसाला भरते. दात जात नाही, तुहाच राहते. पन नस गेल्यावर तो वाळल्या काडीवानी होते, कटकन मोडते. म्हनून वरून टोपी घालाची." पाच वर्षं कॉलेजात घालवून मला इतकं सरळ कधी सांगता आलं नव्हतं.

लोकांच्या भीतीशी तिचं रोजचं भांडण होतं. दातात किडा असतो आणि धुरी दिली की तो बाहेर पडतो, असं कोणी म्हटलं की ती ठामपणे सांगायची, "किडा-गिडा काही नसते. गोड अडकते, त्याचं आंबट पानी होते, थे दात खाते." वरचा दात काढला की डोळा जातो म्हणणाऱ्याला ती स्वतःचं तोंड उघडून दाखवायची. वरचे चार दात नव्हते. "सुईत दोरा ओवून दाखवू का तुले?" दात साफ केल्यावर फटी पडल्या म्हणून भांडायला आलेल्या बाईला तिनं सांगितलं होतं, "फट पयलेच होती बाई. तिच्यात दगड बसला होता. दगड काढला, तवा तुले फट दिसली."

सगळ्यात जास्त ती 'भूल' या शब्दाला घाबरायची. हा शब्द ऐकून एक म्हातारा इंजेक्शन न घेताच निघून गेला होता. झोपलो की उठणार नाही, असं त्याला वाटलं होतं. तेव्हापासून तिनं मला तो शब्द बंद केला. "बधिर म्हना. आन बधिर म्हन्जे बेशुद्ध नाही, हेही म्हना. ओठ जड होते, सुजल्यावानी वाटते, पन सुजत नाही. दोन तास काही चाऊ नको, नाही त गाल चावशीन." हे सगळं सांगून झालं की तिचा ठरलेला प्रश्न यायचा: "आता तू सांग, काय समजलं?" मला कधीकधी राग यायचा. बाहेर दहा माणसं बसलेली आणि ही शाळा भरवून बसायची. एकदा मी तिला तसं बोललेही. तरी तिनं आपली रीत सोडली नाही.

एका वर्षी सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत याडी भाचीच्या साखरपुड्याला गेली होती. त्या दिवशी रामधन आला. जवळच्या तांड्यावरचा, चाळिशीतला शेतकरी. खालची शेवटची दाढ ठणकत होती, गाल थोडा सुजला होता. मी एक्स-रे काढला. त्याला म्हटलं, "अ‍ॅब्सेस आहे. गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा, परवा या, दाढ काढू." तो "हो, हो" म्हणाला. बाहेर गर्दी होती. मी पुढच्या पेशंटला बोलावलं.

परवा तो आला नाही. माझ्या लक्षातही राहिलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी एका मुलीच्या दातात सिमेंट भरत होते. याडी सरळ आत आली. अशी ती कधीच येत नसे. "मॅडम, हातचं ठेवा."

"दोन मिनिटं, याडी."

"दोन मिन्ट नाही. त्याले थुकी गिळता येऊन नाही राह्यली."

मी बाहेर आले. रामधन बाकावर पुढे वाकून बसला होता. शेल्यानं पुन्हा पुन्हा लाळ पुसत होता. जबड्याखाली दोन्ही बाजूंनी गळ्यापर्यंत सूज उतरली होती. मी हात लावला, तर ती लाकडासारखी टणक लागली. तोंड जेमतेम उघडलं, तेव्हा आत जीभ वर उचललेली दिसली. त्याची बायको कमली सांगत होती, "दोन दिवस गोया घेतल्या, दुखनं थांबलं, मंग सोडल्या. सुजलं म्हनून मी विटेनं शेकलं." मी कोर्स म्हटलं होतं. त्यांच्या घरात कोर्स म्हणजे मुलगी करत होती तो कॉम्प्युटरचा.

रामधन घशात घास अडकल्यासारखा बोलला, "दाढ काढून द्या. आज थ्रेशर लागते वावरात. मले जा लागते."

मी सांगू लागले. संसर्ग, सेल्युलायटिस, श्वसनमार्ग... माझे मलाच शब्द अनोळखी वाटत होते. कमली माझ्या तोंडाकडे नुसती बघत होती. रामधन उठून दाराकडे निघाला.

याडी दारात आडवी उभी राहिली. गोर बोलीत एक शब्द बोलली आणि तो थांबला. मग मलाही कळावं म्हणून ती मराठीत बोलू लागली. "रामधन, दाढेत पू झाला. थो गोयीनं दबला, गेला नाही. आता खाली उतरून गयाभवती पसरून राह्यला. तेथं श्वासाची नयी असते. सूज नयी दाबते. आज यवतमायले गेला नाही त तुहा श्वास बंद होते. थ्रेशर उद्या बी लागते. काय समजलं?"

त्यानं गळ्याला हात लावून पाहिला. मग म्हणाला, "श्वास... बंद होते."

"मंग चाल."

अ‍ॅम्ब्युलन्स दुसऱ्या गावी गेलेली, यायला तास लागणार होता. शेजारच्या औषध दुकानदारानं गाडी काढली. यवतमाळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात मी फोनवर सगळं सांगून ठेवलं. मागच्या सीटवर रामधन मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला याडी. कमली पुढे. अर्ध्या रस्त्यात त्याला ग्लानी येऊ लागली. तो कलंडायला लागला. "आडवं नका होऊ देऊ," मी म्हटलं, आणि याडीनं त्याची पाठ आपल्या छातीला टेकवून त्याला सरळ धरून ठेवलं. त्याच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला होता. गाडीत दुसरा आवाज नव्हता. कमलीनं मागे वळून विचारलं, "वाचंन का?"

मी "हो" म्हणणारच होते. याडी आधी बोलली. "आतापर्यंत श्वास चालू हाय. पोचेपर्यंत टिकला त वाचंन. तू समोर रस्त्याकडे पाह्य."

दारातच स्ट्रेचर उभं होतं. त्याला बसवूनच आत नेलं. गळ्याला छेद देऊन पू काढला, नळी घातली, दाढ काढली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की अजून उशीर झाला असता तर कठीण होतं.

परतताना एसटीत मी याडीला म्हटलं, "मी त्याला सांगितलं होतं, याडी. कोर्स पूर्ण करा म्हणून."

तिनं पहिल्यांदा आणि शेवटचं मला मॅडम म्हटलं नाही. "सांगितलं नव्हतं, पोरी. बोलली होतीस."

तिनं पुढे काही बोलून ते मऊ केलं नाही. आर्णी येईपर्यंत माझा हात मात्र हातात धरून ठेवला.

रामधन बरा झाला. गळ्यावर व्रण राहिला. तो पुन्हा माझ्याकडे कधी आला नाही, दुसरीकडे जातो असं कळलं. मला ते लागलं, पण त्याचं चुकलं असं म्हणता येईना.

दोन वर्षांनी याडीच्या गुडघेदुखीनं उचल खाल्ली. मुलीनं तिला पुसदला न्यायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी हत्यारं पुसून ठेवता ठेवता मी विचारलं, "तुमच्या जागी कोणाला ठेवू?"

"झाडपुशीले ठेवा कोनी बी. सांगाले नका ठेवू."

"मला नाही जमणार, याडी."

"काहून? मराठी येते न तुमाले?" एवढं म्हणून तिनं पिशवी उचलली.

आता मीच स्टूल ओढून पेशंटसमोर बसते. वेळ जातो, लोक कुरकुरतात. मागच्या महिन्यात पांढरकवड्याकडचा एक ट्रकचालक आला. पंचवीस-सव्वीसचा, सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणारा. गालाच्या आत पांढरा चट्टा, मध्ये न भरणारी जखम. पूर्वी मी 'बायोप्सी करून घ्या' लिहून चिठ्ठी हातात दिली असती. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "या जखमेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायचा आहे. तो कॅन्सर आहे की नाही, हे मला आज माहीत नाही. नसेलही. असेल, तर लवकर कळलेलं बरं. काढताना बधिर करीन, दुखणार नाही."

तो जमिनीकडे बघत राहिला. मी मध्ये बोलून काही मऊ केलं नाही.

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "खरं सांगून राह्यल्या न?"

"हो."

त्यानं डोकं मागे टेकवलं आणि तोंड उघडलं. खर्ऱ्यानं आखडलेलं ते तोंड जेमतेम दोन बोटं उघडलं.