हेनेगनांचा दगड

क्लूनब्रॅक गावच्या जुन्या दफनभूमीत कोण कुठं निजलंय हे मॅलकी टार्पीला तोंडपाठ होतं. त्याच्या आधी त्याच्या बापाला होतं. कौन्सिलनं नेमलेला राखणदार म्हणून काम तसं थोडंच: गवत कापायचं, फाटकाला तेल द्यायचं, कुणी गेलं की घरच्यांना त्यांची जागा दाखवायची. एक वही होती, पण ती बापानं पन्नास साली उघडलेली. त्याआधीचं सगळं डोक्यात आणि दगडांवर. आणि दगड वाचायचीही एक वेळ होती. तिथला दगड मऊ, तांबूस. दोनशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटानं अक्षरं उथळच कोरलेली. भर दुपारी बोट फिरवलं तरी काही लागायचं नाही. उन्हं कलली, पडक्या चर्चच्या भिंतीवरून तिरपी आली, की एकेक नाव वर यायचं, तळ्यातून मासा वर यावा तसं.

"दगडाला घाई केलेली चालत नाही," बाप म्हणायचा.

मॅलकीनं आयुष्यात एकदाच घाई केली.

ते एक्याण्णव साल. नेटक्या गावांच्या स्पर्धेत क्लूनब्रॅक दर वर्षी शेजारच्या गावाच्या मागं राहायचं. कमिटीच्या प्रमुख अट्रॅक्टा मलहर्न. शाळेतून निवृत्त झालेल्या, पण साऱ्या गावाला अजून बाईच.

"मॅलकी, रस्त्यावरून दिसणारी ती पहिली रांग बघवत नाही रे. दगडांना खरूज झाल्यासारखी दिसते."

"दगडफूल आहे, बाई. नेहमीचंच."

"नेहमीचंच आहे म्हणून तर आपण नेहमीच मागं. परीक्षक कधी टपकतील सांगता येत नाही. या आठवड्यात उरक."

कौन्सिलची परवानगी काढायची असते हे त्याला ठाऊक होतं, बाईंनाही ठाऊक होतं. परवानगीला दोन महिने लागले असते. मॅलकीनं तारेचा ब्रश घेतला, दुकानातून दगड धुवायचं ॲसिड आणलं आणि तीन दिवस घासत बसला. काम चांगलं चाललंय असंच त्याला वाटत होतं. रस्त्यावरून जाणारे हात करत होते. तिसऱ्या दिवशी तो हेनेगन घराण्याच्या दगडाशी आला. दगडफूल निघालं आणि त्याच्यासोबत खालची पापडीही निघाली. तळहाताला तांबडी पूड लागली. शेवटचं अक्षर जाताना त्यानं पाहिलं. वाळल्यावर दिसेल, असं म्हणून तो उन्हं कलेपर्यंत थांबला. ऊन आलं, भिंतीवरून तिरपं झालं, दगडावर पडलं. दगड नुकत्याच घासलेल्या ताटासारखा कोरा होता.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. तो दगड कुणी वाचत नव्हतं, कारण तो कुणाचा हे सगळ्यांना माहीत होतं. क्लूनब्रॅकला त्या वर्षी दुसरं बक्षीस मिळालं. 'जुनी दफनभूमी विशेष देखणी' असं परीक्षकांनी लिहिलं होतं. बक्षिसाची पितळी पाटी गावच्या हॉलच्या भिंतीवर लागली. मॅलकी त्या बाजूच्या खुर्चीवर बसायचं टाळू लागला.

सहा वर्षांनी डेलिया हेनेगन परत आली. ती मॅलकीच्याच वर्गातली. अठराव्या वर्षी इंग्लंडला गेली, कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलातल्या धुलाईखान्यात चाळीस वर्षं चादरी उकळल्या आणि छातीत ती सगळी वाफ साठवून घेऊन आली. लग्न केलं नाही, मागं कुणी नाही. पुलाजवळच्या कौन्सिलच्या घरात ती राहायला लागली. मॅलकीही एकटाच. तो तिला शेकोटीसाठी वाळलेल्या पीटची, म्हणजे जळाऊ मातीची, पोती नेऊन द्यायचा, ती चहा करायची.

"शाळेत असताना तू माझी वेणी शाईत बुडवली होतीस," ती म्हणायची.

"मी नव्हे, पॅट्सी."

"पॅट्सी मेला म्हणून त्याच्यावर ढकलतोस? नरकात जाशील, मॅलकी."

त्याच वर्षी कौन्सिलनं जुनी दफनभूमी बंद केली. नवा खड्डा घेताना जुनी हाडं लागत होती, त्याला काही इलाज नव्हता. यापुढं गावच्या मयतांसाठी शहराच्या रस्त्याला, गुरांच्या बाजाराशेजारी नवी जागा. जुन्या जागेत फक्त ज्यांच्या घराण्याचा हक्क आहे तेच. हक्काला पुरावा हवा: दगडावर नाव, नाहीतर वहीत नोंद. डेलियाची आई सत्तेचाळीस साली गेली होती, म्हणजे वहीच्या आधी. तिच्यावर लाकडी क्रूस होता, तो कधीच कुजला. घराण्याचा दगड आहे की, वेगळं नाव कशाला, असं तेव्हा सगळे म्हणाले होते.

डेलिया काठी टेकत दगड बघायला गेली. मॅलकी मागं उभा होता. तिनं हातमोजा काढून दगडावर हात फिरवला, पुन्हा फिरवला.

"पावसानं धुतलं रे सगळं," ती म्हणाली. "दोनशे वर्षं टिकलं आणि माझी वेळ आली तेव्हा गेलं. आमच्या घराण्याला गरजेच्या वेळी थांबून राहणं कधी जमलंच नाही बघ."

त्या क्षणी मॅलकी बोलला असता तर दोन वाक्यांचं काम होतं.

कौन्सिलच्या कचेरीत मुरिन नावाची तरुण बाई होती, काउंटीतल्या जुन्या वास्तूंची नोंद ठेवणारी. तिनं डेलियाला धीर दिला. दगडावर नाव होतं असं गावातल्या जाणत्या माणसानं शपथेवर लिहून दिलं की पुरे, म्हणाली. डेलिया तो कागद घेऊन सरळ मॅलकीकडं आली.

"तुझ्याहून जाणता कोण? लिही आणि पोस्टमास्तरसमोर सही कर. मला आईजवळ जायचंय. त्या बाजाराशेजारी नको. जन्मभर परक्यांच्या चादरी धुतल्या, आता मेल्यावर परक्यांची गुरं ऐकत पडू?"

"करतो," मॅलकी म्हणाला.

कागदावर पाच प्रश्न होते. चार त्यानं त्याच दिवशी भरले. राहिला चौथा: अक्षरं केव्हा आणि कशामुळं नाहीशी झाली?

तो मलहर्न बाईंकडं गेला. त्यांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढला.

"ऊनपावसानं, असं लिही."

"शपथेवर आहे, बाई."

"मग काय, 'अट्रॅक्टा मलहर्ननं सांगितलं म्हणून घासलं' असं लिहिणार आहेस? जुनी वास्तू आहे ती, मॅलकी, खटला होतो. तुझी राखण जाईल आणि पाटीही उतरवतील. गावाचं काय?"

मॅलकी कागद घेऊन घरी आला. शपथेवर खोटं लिहायला त्याचा हात उठेना आणि खरं लिहायलाही उठेना. कागद त्यानं घड्याळामागं ठेवला. आपण खोटं तर बोललो नाही, असं तो रात्री स्वतःला सांगायचा. त्या प्रामाणिकपणाचा त्याला थोडा अभिमानही वाटायचा, हे पुढं त्याला सगळ्यात जास्त लागलं.

"झालं का रे लिहून?" डेलिया दर आठवड्याला विचारायची.

"होतंय."

"बायबल लिहितोयस की काय? मी थांबते, पण छाती थांबायला तयार नाही हं."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली. कागद घड्याळामागंच होता.

क्लूनब्रॅकमध्ये कबर शेजारपाजारची माणसंच खणतात. खणून झाली की फावडं आणि कुदळ तिच्यावर आडवीउभी ठेवतात, मयत येईपर्यंत. मॅलकी फावडं घेऊन नव्या जागेत गेला, तर कौन्सिलच्या यंत्रानं खड्डा सकाळीच काढून ठेवला होता, कडा सुरीनं कापल्यासारख्या. रांग तीन, जागा अकरा. बाजाराचा दिवस होता. पाद्री प्रार्थना म्हणत होते आणि कुंपणापलीकडं वासरं हंबरत होती. कुणीतरी हसू दाबलं. डेलिया असती तर तिनं दाबलं नसतं. मॅलकी फावडं धरून उभा राहिला, मग ते तसंच घरी घेऊन आला.

त्याच संध्याकाळी त्यानं चौथा प्रश्न भरला. ब्रश, ॲसिड, तारीख, स्वतःचं नाव. बाईंचं लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तरसमोर सही केली आणि बस धरून कचेरीत गेला.

मुरिननं कागद उभ्याउभ्या वाचला, मग खाली बसली.

"मिस हेनेगन गेल्या ना?"

"गेली. आता हा कागद चालेल का? तिला हलवता येईल?"

"त्यासाठी रक्ताच्या नातलगाचा अर्ज लागतो. त्यांना कुणी नव्हतं." ती थोडी घुटमळली. "मॅलकी, तुम्ही हा आधी का नाही दिलात?"

त्यानं चौथ्या प्रश्नावर बोट ठेवलं.

"तो माझा प्रश्न होता," ती म्हणाली. "दगडांच्या नोंदीसाठी. दफनाची परवानगी देणारे तो वाचतही नाहीत. दगडावर नाव होतं का, या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आणि खाली सही, एवढंच त्यांना लागतं. चौथा कोरा सोडला असता तरी चाललं असतं."

"आणि खटला?"

"कसला खटला? या काउंटीत निम्म्या गावांनी दगड घासलेत. मी पत्र पाठवते, तारेचा ब्रश वापरू नका म्हणून."

पत्र आलं. त्यात तेवढंच होतं. मॅलकीनं राखण आपणहून सोडली. बाई रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "बरं झालं, मिटलं एकदाचं." तो टोपीला हात लावून पुढं गेला.

वर्ष उलटल्यावर तो डेलियाच्या कबरीसाठी दगड सांगायला शहरातल्या पाथरवटाकडं गेला. काळा गुळगुळीत दगड नको म्हणाला, खरबरीत चुनखडी घेतली. डेलियाचं नाव, खाली तिच्या आईचं, तिच्याही खाली जुन्या दगडावरची नावं, त्याला आठवत होती तितकी. सात आठवली. आठवं होतं, एका लहान मुलीचं. ते त्याला आठवेना.

"अक्षरं किती खोल?" पाथरवटानं विचारलं.

मॅलकीनं तर्जनीचं पहिलं पेर दाखवलं.

"एवढं खोल? पाणी साचेल, आजोबा. दोन वर्षांत दगडफूल धरेल."

"धरू दे," मॅलकी म्हणाला. "आणि खाली एक ओळ मोकळी सोड."