म्हाताऱ्याच्या मिठाचं माप

हातातला घास ताटात टाकून म्हातारा तोंड उघडं ठेवून श्वास ओढायला लागला. ओठ काळेनिळे पडले. मी एका हाताने त्याची पाठ चोळत होते आणि दुसऱ्या हाताने त्याची बोटं माझ्या नाकाशी धरून लोणच्याचा वास येतोय का बघत होते.

"चोरून खाल्लं का न्हाई, खरं सांगा."

त्याने नाही म्हणून मान हलवली. सून रिक्षा आणायला पळाली.

माझ्या नवऱ्याचं हृदय कमजोर आहे. उन्हाळ्यात दवाखान्यात होता तेव्हाच डॉक्टरांनी मीठ तोडलं होतं. दिवसाला ठरलेले ग्रॅम, वर एक कणही नको, नाहीतर अंगात पाणी साठेल. आमच्या घरात मीठ ग्रॅमने कधी पडलं नव्हतं. मी चिमटीने घालते. सुनेने काटा आणला, बरणीतलं मीठ तोललं. ते औषधाच्या बाटलीसोबत आलेल्या चमच्यात बरोबर सपाट बसलं. रोज कोण तोलत बसणार? तोच चमचा ठरला. त्याची आमटी वेगळ्या पातेल्यात व्हायला लागली.

दिवाळीपर्यंत ठीक चाललं. मग त्याचे पाय सुजायला लागले. मी लोणचं आणि शेंगाची चटणी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"अगं, माझ्या तोंडाला चवच न्हाई. चोरून काय खाऊ?"

"चव न्हाई म्हनूनच खाताय की."

मग सुनेवर नजर ठेवली. चमचा शिगोशीग भरते की काय? नाही. सुरीच्या पात्याने सपाट करायची.

आणि त्या दुपारी हे असं झालं. दवाखान्यात सुया देऊन त्याच्या अंगातलं पाणी उतरवलं. डॉक्टर म्हणाले, "मीठ कुठून तरी जातंय." दुसऱ्या दिवशी त्याला घरी सोडणार होते. घरी येऊन तो पुन्हा तेच खाणार होता.

मी सुनेला ओट्यापाशी उभं केलं. "माझ्यासमोर भर. तोल."

आकडा ठरलेल्या ग्रॅमच्या पुढे गेला.

"आत्या, काटा बिघडला वाटतं."

मी साखरेचा न फोडलेला किलोचा पुडा त्यावर ठेवला. काटा बरोबर होता. चमचाही तोच, दांडी वाकलेला.

"हे मीठ कुठलं?"

"पिशवीतलं बारीक. बरणीतलं खडे मीठ दिवाळीत संपलं की."

लोणच्यासाठी मी खडे मीठ वेगळं राखून ठेवते. ते काढून त्याच चमच्यात भरलं. उन्हाळ्यातला आकडा आला. खड्यांच्या मधे पोकळी राहते, बारीक मीठ गच्च बसतं. चमचा तेवढाच, पण म्हाताऱ्याच्या पोटात मीठ जवळजवळ दीडपट जात होतं.

सुनेने चमचा खाली ठेवला. "म्हंजे मीच..."

"तू आन् मी, दोघी. रडू नको. काटा पूस."

आता मीठ रोज तोलूनच पडतं. अधूनमधून मी साखरेचा पुडा ठेवून काटाही तपासते. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला आहे.

"आता तरी कुलूप काढ की," म्हातारा म्हणतो.

"बघू."

तो सपक आमटी भुरकतो आणि कपाटाकडे बघतो. मी त्याच्याकडे बघते.

त्या दुपारी घरात आम्ही तिघं होतो. अजून तिघंही आहोत.