कायम गडी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षरही वाकडं, सांभाळून घ्यावं.

लालबागच्या सायबर कॅफेत मी झाडू मारायचे. संपात गिरणी सुटलेले एक काका तिथे जादूगार-राक्षसांचा खेळ खेळायला येत. माउस धरण्याआधी तळवा पँटला पुसत. पडद्यावर लढणारा गडी, तोही दुसऱ्यांनी अर्धवट सोडलेलाच, खेळवत.

"काका, स्वतःचा नवा बनवा की!" मालक म्हणायचा.

"आम्ही बदली कामगार रे. कुणी गैरहजर असला की त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहायचं. कायम झालोच नाही."

एकदा मात्र त्यांनी नवा गडी बनवला, त्याला स्वतःचं नाव दिलं. मग मला विचारलं, "बाई, उद्या यावर दुसरा बसणार नाही ना?"

मी कुणाशी बोलत नाही. पण मालकाला जाऊन सांगितलं, "काकांच्या गड्याला कुणाला हात लावू देऊ नका."

काका लढाईला गेलेच नाहीत. तासभर ते नाव बघत बसले.