सारजाला झालेला उशीर

सारजा लासुर्ण्याला संभाजीची दुसरी बायको म्हणून आली, तेव्हा राजेश्वरी तिसरीत होती. पोरीची आई काविळीनं गेलेली. सारजा वरकुट्याची, मूल होत नाही म्हणून पहिल्या नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं होतं. दुसऱ्या लग्नात ना मांडव पडला, ना वाजंत्री. ओटी भरायला आलेल्या बायकांनी तिला एकच गोष्ट चार तऱ्हांनी सांगितली, की पोरीला दुखवू नकोस, गावाचं लक्ष असतं.

सारजानं ते फार मनावर घेतलं. पोरीवर ती कधी ओरडली नाही, हात उगारला नाही, की काम सांगितलं नाही. दुसऱ्याची चीजवस्त सांभाळावी तसं तिनं राजेश्वरीला सांभाळलं. पोर तिला मावशी म्हणायची. दोघींचं भांडण कधी झालं नाही, आणि भांडणानंतरची जवळीकही कधी आली नाही.

राजेश्वरी अकरावीला गेली आणि घरात काहीतरी बिघडलं. सगळ्यांच्या आधी ते सारजालाच दिसलं. ताटातली भाकरी कुत्र्याला जायला लागली. अंगावरचा ड्रेस चार-चार दिवस उतरेना. कॉलेजातून आली की पोर भर दुपारी दार ओढून अंधारात पडून राहायची. एरवी मोबाईल बघून खिदळणारी पोर, आता मोबाईल वाजला तरी उचलत नव्हती. सारजानं संभाजीच्या कानावर घातलं. तो म्हणाला, अभ्यासाचा ताण असंल, वयच तसं हाय. शेजारच्या कुशाबाईंनी अंगारा आणून दिला. पोरीनं तो मुकाट लावून घेतला.

दिवाळीला पोरीचा मामा, लोणी भापकरचा विशाल, तिच्याकडून ओवाळून घ्यायला आला. भाचीच्या गळ्याची हाडं वर आलेली बघून तो अंगणात उभा राहून चार घरांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हिला खायला मिळतं का न्हाय हितं?" संभाजी खाली बघत राहिला. सारजा चुलीपुढं होती. तिनं तवा उतरवला आणि तशीच बसून राहिली.

पोरीला दवाखान्यात दाखवावं, हे तिच्या मनात त्याआधीच आलं होतं. डोक्याच्या डॉक्टरकडं. पण मामाचं ते बोलणं ऐकल्यापासून तिची छातीच होईना. सावत्र आईनं पोरगी येडी ठरवली, असं लोक म्हणणार. उद्या पोरीचं लग्न अडलं तर तेही आपल्याच नावावर. ऊसतोड सुरू झाली, गावात टोळ्या आल्या, संभाजी दिवसभर फडात. सारजा घरात पोरीच्या बंद दाराकडं बघत भाजी निवडायची.

मग कॉलेजातल्या दिपाली मॅडमचा फोन आला. संभाजी घरी नव्हता म्हणून सारजानं घेतला. राजेश्वरी वर्गात येते पण नुसती बसून राहते, पेपर कोरा देते, घरी काही झालंय का, असं मॅडमनी विचारलं. सारजाला तो आपल्यावरचा आळच वाटला. घरी काही झालं न्हाय, असं ती तोडून बोलली. मॅडम रागावल्या नाहीत. हा आजार असू शकतो, या वयात पुष्कळ मुलांना होतो, उपचारानं बरा होतो, असं त्यांनी समजावलं. सरकारचा एक नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, म्हणून १४४१६ सांगितला. सारजानं तो मोबाईलमध्ये भरून ठेवला. लावला मात्र नाही.

माघातली गोष्ट. कालव्याला पाणी सुटलं होतं. उसाचा ट्रॅक्टर घेऊन निघालेल्या एकानं दारात गाडी हळू केली आणि सांगितलं, तुमची पोरगी मघापासनं कालव्याच्या कडंला एकटीच बसलीय. सारजानं आत बघितलं, तर कॉलेजची बॅग खाटेवर तशीच पडलेली. ती हातातलं टाकून पळत सुटली.

राजेश्वरी भरावावर बसली होती. चपला काढून शेजारी नीट ठेवलेल्या. पाणी काठोकाठ चाललेलं. सारजा धापा टाकत तिच्याजवळ बसली आणि तिचं मनगट घट्ट धरलं. इतक्या वर्षांत तिनं पोरीला असं कधी धरलं नव्हतं.

सारजाची धाप हळूहळू बसली. मग सारजानं विचारलं, "जीव द्यायचा इचार आला व्हता?"

पोरीनं मान हलवली. व्हय.

"कशापायी?"

"काय न्हाय. मला काय वाटतच न्हाय मावशी. रडूबी येत न्हाय." मग ती म्हणाली, "तुला दिसत व्हतं की. मग का न्हाय इचारलंस?"

सारजाजवळ उत्तर होतं, पण ते सांगायची तिला लाज वाटली. तरी तिनं सांगितलं. "भ्याले. लोक काय म्हणत्याल म्हणून भ्याले."

राजेश्वरी पाण्याकडं बघत राहिली. सारजानं एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं तो नंबर लावला. पलीकडून एक बाई शांतपणे बोलली. पोरीला एकटीला सोडू नका, घरात औषधं, फवारणीचं विष असेल ते कुलपात ठेवा, आणि लगेच मोठ्या दवाखान्यात घेऊन जा, असं तिनं सांगितलं. मग ती राजेश्वरीशीही बोलली. पोर नुसती हूं हूं करत होती, पण तिनं फोन कानावरून काढला नाही.

सारजानं संभाजीला फडातून बोलावून घेतलं. गाडी मिळाली तसे तिघं बारामतीला सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी आधी पोरीशी एकटीशी बोलून घेतलं. मग दोघांना आत बोलावून सांगितलं की हे नैराश्य आहे, यात कोणाचा दोष शोधत बसू नका, गोळ्या आणि बोलणं दोन्ही लागेल, आणि दिवस लागतील. कधीपासून आहे, असं विचारल्यावर सारजा म्हणाली, दसऱ्यापासनं. राजेश्वरी म्हणाली, "त्याच्या लई आधीपासनं." सारजाला वाटत होतं की आपल्याला सगळं दिसत होतं. तेही खरं नव्हतं.

कालव्यावरची गोष्ट लोणी भापकरला पोचायला वेळ लागला नाही. विशाल दोन माणसं घेऊन आला आणि भाचीला घेऊन गेला. पोरीनं नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. संभाजी दाराशी नुसता उभा राहिला. गाव म्हणायचं ते म्हणालंच. इतकी वर्षं ज्या बोलण्याला सारजा भीत होती, ते सगळं आता तिला नळावर, दळणाला गेल्यावर, पाठीमागं ऐकू यायचं.

महिनाभरात विशालची बायको अनिता हिचा चोरून फोन आला. ह्यांनी गोळ्या बंद केल्यात, फळीवर पडून हायत, पोर पुन्हा अंथरूण सोडत न्हाय. सारजा त्याच दिवशी एसटीनं लोणी भापकरला गेली. विशालनं तिला बस म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. ती अंगणात उभ्यानंच बोलली. "मला काय बी म्हणा. मी लय उशीर केला, ती माजी चूक. पण तुमी आता तेच करू नका. गोळ्या तोडू नका."

अनिता आत गेली, फळीवरच्या गोळ्या काढून आणल्या आणि नवऱ्यासमोर पोरीला पाण्याबरोबर दिल्या. त्यानं अडवलं नाही.

तेव्हापासून दवाखान्याची तारीख असली की विशाल भाचीला बारामतीच्या स्टँडवर आणून सोडतो. लासुर्ण्याहून सारजा येते, आणि दोघी दवाखान्यात जातात. विशाल सारजाशी अजून बोलत नाही. राजेश्वरीचं ते वर्ष वाया गेलं. आता ती जेवते, अंघोळ करते, मामाच्या दारातल्या शेवग्याच्या शेंगा काढून बाजाराला बांधून देते. एखाद्या खेपेला बाकावर बसल्या बसल्या चार गोष्टी सांगते. एखाद्या खेपेला शब्दही बोलत नाही, आणि त्या दिवशी सारजा घरी जाऊन जेवत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, असं खालीवर होत राहील, सोडायचं नाही.

लासुर्ण्याला परत येशील का, असं सारजानं तिला एकदाच, स्टँडवर, विचारलं. पोर म्हणाली, "आत्ता न्हाय मावशी." सारजानं पुन्हा विचारलं नाही. लोणी भापकरची गाडी लागली, राजेश्वरी चढली आणि खिडकीशी बसली. गाडी निघेपर्यंत सारजा खाली उभी होती. मग ती लासुर्ण्यावरून जाणाऱ्या इंदापूरच्या गाडीकडं गेली. गाडी भरली होती. सारजा दांडी धरून लासुर्ण्यापर्यंत उभी आली.