खापरावरची पिढी

पुरणाचा मांडा टाकताना सुनेचा हात चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापराला चिकटला आणि ती किंचाळली. जळगावच्या ज्या टपरीवर मी मांडे खायला बसले होते, तिथे तिचा नवरा मात्र गिऱ्हाइकाला सांगत होता, "आमची पिढी वेगळी, नाना. आमच्यात बायको बरोबरीची."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

त्याची आई माझ्याच वयाची असेल. तिनं सुनेच्या हातावर पाणी ओतलं आणि स्वतःचा हात त्याच्यासमोर धरला. मनगटापासून कोपरापर्यंत जुने डाग होते.

"हाऊ मना हात, हाऊ तिना. आमनी पिढी एकच शे. नव्या पिढीना तू एकटाच ना? मंग बठ आठे खापरवर!"

गिऱ्हाईक हसलं. तो बसला नाही. पुढचा मांडा सुनेनंच टाकला.

मी न खाता उठले. तीस वर्षं मीही खापरावर हात भाजून घेतले आहेत.