तोंड राहू द्या, कान दाखवा

"तोंड राहू द्या. कान दाखवा."

आमच्या डॉक्टरीणबाईंसमोर कोणीही बसलं, की हे त्यांचं पहिलं वाक्य. मग त्या खुर्चीतून उठायच्या, समोरच्याचा कान दोन बोटांत धरून पुढे मुडपायच्या आणि कानामागची कातडी खिडकीच्या उजेडात बघायच्या. शाळा सोडून जमाना झालेली माणसंही कान धरला की आपोआप खांदे वर ओढून बसायची. एकदा एक फौजदार तसे बसलेले मी पाहिले. तुम्हीही बसला असता.

"हा तुमचा असली रंग," त्या म्हणायच्या. "समोरचा उन्हाचा हाय. उन्हानं जे देलं ते मी काढून देईन. आईबापानं जे देलं त्याले हात नाही लावणार."

बाई कातडीच्या डॉक्टर. अमरावतीत बडनेरा रस्त्यावर खाली माझं झेरॉक्सचं दुकान आणि वर त्यांचा दवाखाना. जिना माझ्या काउंटरजवळ उतरायचा, त्यामुळे पेशंटचं मत मला गरमागरम मिळायचं. बहुतेकांचं मत एकच असे. माझ्याकडे वाकून, आवाज उतरवून ते विचारत, "भाऊ, मॅडमच एवढ्या काळ्या. त्या आपल्याले काय गोरं करतीन?"

खोटं कशाला सांगू, बाई काळ्या होत्या. सावळ्या म्हणून वेळ मारून नेण्यासारख्या नव्हे, चांगल्या पक्क्या काळ्या. पातूरकडच्या शेतकरी घरातल्या. एवढं शिकल्या, पण बोलणं गावचंच ठेवलं. पुण्याहून आलेल्या पेशंटला त्या भांडतायत असं वाटे. खरं तर तेव्हा त्या लाडात आलेल्या असत.

लोकांचं हे मत मी एकदा धीर करून त्यांना सांगितलं. त्या हातातला चहा सांडेपर्यंत हसल्या.

"मंग बाळंतपन करनाऱ्या पुरुष डॉक्टरले काय इचारते हे लोक?"

आता माझं सांगतो. टोपी घालून स्कूटर चालवण्यात आयुष्य गेल्यामुळे माझ्या कपाळाचे दोन भाग झालेत. टोपीखालचा भाग वेगळ्या माणसाचा वाटतो. फोनवर एक व्हिडिओ पाहिला, त्यात एका बाईच्या तोंडावर काहीतरी फासलं आणि ती उजळून निघाली. त्याला केमिकल पील म्हणतात, हे आमच्या मंडळींनी सांगितलं. दुपारी पेशंट नाही असं बघून मी वर गेलो.

"मॅडम, ते तोंड सोलून देतात म्हणे..."

"संत्रं हाय का तुमी?" त्यांनी वर न बघता विचारलं. मग उठल्या आणि माझा कान मुडपला. "भाऊ, कानामागं तं तुमी चांगले गोरे हाय. लग्नाच्या वक्ती वहिनीनं मांगच्या बाजूनंच पाह्यलं असन."

मग मात्र त्यांनी मला नीट बसवून समजावलं. पील म्हणजे वरची कातडी औषधानं काढायची, म्हणजे खालून नवी येते. त्यात हलकी असतात, जोरदार असतात. जोरदार पील आतपर्यंत जातं. गोऱ्यापान माणसाला एखाद् वेळी ते चालूनही जातं. "पन आपली कातडी रागीट हाय. जास्त जाळली का राग धरते, अन् रागानं अजून काळी पडते. एक डाग काढाले आलेला मानूस दोन घेऊन जाते." म्हणून आपल्या रंगाला हलकंच पील बरं, दुधातल्या आम्लाचं किंवा बदामातल्या. तेही थांबून थांबून, आधी कातडी तयार करून, आधी थेंबभर कानामागे लावून बघून. आणि ऊन टाळता येत नसेल तर मुळीच नाही.

"बदामाचं असते? मग घरीच बदाम वाटून..."

"बदाम खा. डोक्याले बरे," त्या म्हणाल्या. "तुमाले एकच पील हाय भाऊ. दुपट्टा. सकाळी बांधाचा, संध्याकाळी सोडाचा."

तेव्हापासून मी दुपट्टा बांधून हिंडतो. ओळखीचे लोक ओळख देत नाहीत, हा वरचा फायदा.

अशा बाईंकडे मी माझी भाची घेऊन गेलो. स्नेहल अकोल्याची, माझ्या बहिणीची धाकटी. मे महिन्यात तिचं लग्न ठरलेलं. साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या आत्याबाई फोटो बघता बघता सहज बोलून गेल्या, "पोरगी गुनाची हाय, फक्त फोटोत जराशी दबते." आत्याबाई बोलल्या आणि जिलेबी खायला लागल्या. स्नेहलला मात्र ती जिलेबी अजून पचली नव्हती. अकोल्यातल्याच कुठल्याशा ठिकाणी एका बैठकीत रंग दोन पायऱ्या उजळून देतात, असं तिनं शोधून ठेवलं होतं. बहिणीनं घाबरून मला फोन केला. मी रुबाबात म्हणालो, "इकडे पाठव. वरच्या मॅडम माझ्या शब्दाबाहेर नाहीत."

होळी नुकतीच झाली होती. मॅडमनी माझ्या शब्दाकडे ढुंकूनही न बघता स्नेहलचा कान मुडपला. मग गालाजवळ डोळे नेले.

"कोनती ट्यूब लावून राहिली?"

"काही नाही. साधी क्रीम."

"साध्या क्रीमनं असे लाल धागे नाही येत बेटा. दाखव."

पर्समधून ट्यूब निघाली. औषधाच्या दुकानातून कोणाला न विचारता आणलेली, गोरं करणारी. मॅडमनी ती माझ्यासमोर धरली, जणू मीच लावत होतो. "याच्यात स्टेरॉइड हाय. पहिले चमकते, मंग कातडी पातळ करते. आता याच्यावर पील करनं म्हंजे ओल्या कागदावर खोडरबर फिरवनं. फाटन."

"मग हलकं पील करा ना मॅडम."

"हलकंही नाही. लग्न अकोल्यात, भर उन्हाळ्यात, अन् साल काढाची त्याच्या तोंडावर? पापड वाळवून राहिलो का आपन?"

ट्यूब हळूहळू सोडवायची, साधं मलम, उन्हाचं क्रीम आणि दुपट्टा, एवढंच लिहून दिलं. सोडताना आधी चेहरा बिघडेल, मग सुधारेल, हेही सांगितलं. स्नेहल रडायला लागली. "म्हणजे लग्नात मी अशीच दिसू?"

"पोरानं तुले कोठी पाह्यलं होतं पहिल्यांदा?"

"कॉलेजच्या गेटावर."

"उन्हात?"

"हव."

"मंग त्याले ठाऊक हाय सगळं," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बिघडेल म्हणाल्या होत्या, ते शब्दशः खरं झालं. एप्रिलमध्ये स्नेहलचा फोन आला. "मामाजी, तुमच्या मॅडमनं माझ्या तोंडाची वाट लावली. टमाट्यासारखी झाली मी." आमच्या मंडळींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जेवण अर्धं ठेवून उठलो. बहीण हळूच म्हणाली, पोरगी त्या दोन पायऱ्यावाल्यांकडे जायचं म्हणते आहे, रविवारची वेळ घेतली आहे.

मी भांडायच्या तयारीनं वर गेलो. जिन्यात वाक्यंही जुळवली होती. मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "रविवारी तुमची गाडी निंगते का?"

माझी जुनी कार निघते, पण पोचेलच असं नाही. मूर्तिजापूरच्या पुढे एसी बंद पडला. मॅडम खिडकी उघडून, दुपट्टा बांधून बसल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "लहानपनी आमच्या घरी सगळे म्हनत, हे काळी हाय, इले डॉक्टर करा, मंग कोनी रंग नाही इचारनार." मग दुपट्टा सारखा करत म्हणाल्या, "डॉक्टर झाली. आता पेशंट इचारते."

मी हॉर्न वाजवला. रस्त्यावर कोणी नव्हतं.

"तुमाले वाटत असन माहं लग्न रंगापायी राहिलं. तसं नाही भाऊ. ते माह्या जिभेपायी."

आम्ही पोचलो तेव्हा स्नेहल दारातच होती. स्कार्फ बांधून, पर्स घेऊन निघालेली.

"कोठी चाल्ली?"

"मैत्रिणीकडे."

"जाय. मी नाही अडवत. पन पहिले कान दाखव."

दारात उभ्या उभ्याच मॅडमनी तिचा स्कार्फ सैल केला आणि कान मुडपला. मग तिच्याच हातातला फोन घेऊन कानामागचा फोटो काढला आणि तिच्यासमोर धरला. आपल्याला आपलं कानामागचं कधी दिसत नाही, हे तोवर माझ्याही लक्षात आलं नव्हतं. तिथली कातडी शांत होती. गव्हाळ सावळी, एकसारखी, मऊ.

"इथी तुही ट्यूब नाही पोचली," मॅडम म्हणाल्या. "हे पाय. हे तुहं तोंड हाय. हे वापस येऊन राहिलं. लग्नापर्यंत पुरं येईन असं नाही म्हनत मी, पन येऊन राहिलं. आता तिकडं जाऊन सोलशीन, तं ते रस्त्यातूनच वापस जाईन."

स्नेहल फोनकडे बघत राहिली. स्वतःचाच फोटो, पण ओळख नसल्यासारखी. मग तिनं स्कार्फ काढून खुंटीला अडकवला आणि आत जाऊन चहा ठेवला. मॅडमनी त्या चहात साखर कमी आहे म्हणून तिला बोलूनही घेतलं.

हळदीच्या दिवशी मॅडम आल्या त्या बिनबोलावता पहारा द्यायलाच. चेहऱ्याची लाली बरीच ओसरली होती, पण हळद चोळलेली चालणार नव्हती. आमच्याकडच्या बायका हळदीच्या बाबतीत डॉक्टरचं ऐकत नसतात. मॅडम नवरीशेजारी पाटाला पाट लावून बसल्या आणि येणारा प्रत्येक हात वाटेतच धरू लागल्या.

"हाताले लावा, पायाले लावा. तोंड माहं हाय."

तेवढ्यात नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन आत्याबाई आल्या. आत्याबाईंचा पिवळा हात स्नेहलच्या गालाकडे निघाला आणि मॅडमचा काळा हात मध्ये आला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मी घाईनं पाण्याचे ग्लास वाटायला घेतले, आपलं नेहमीचं शौर्य.

"तुमी कोन?" आत्याबाईंनी विचारलं.

"कातडीची डॉक्टर. हिच्या गालाले सध्या हळद नाही चालत. तिच्या चांगल्यासाठीच हाय."

आत्याबाईंनी हात मागे घेतला. हळद पायांना लावली. मग उठता उठता त्या मॅडमच्या कानाशी लागल्या. आवाज अगदी माझ्या जिन्याखालच्या पेशंटसारखा उतरलेला. "मॅडम, माह्या गालावर हे काळे वांग आले हाय, पाहा ना. ते पील का काय म्हंते, ते मले चालते का?"

मॅडमनी त्यांच्या गालाकडे पाहिलंही नाही.

"कान दाखवा."

भर मांडवात, हळदीनं माखलेल्या बोटांनी त्यांनी आत्याबाईंचा कान मुडपला. आत्याबाईंनी खांदे वर ओढले. स्नेहल तोंडावर हात घेऊन हसायला लागली, आणि कॅमेरावाल्यानं नेमका तोच क्षण टिपला. "तुमाले चालन," मॅडम सांगत होत्या. "पन हलकं. अन् दिवाळीनंतर, ऊन उतरल्यावर. पहिले थेंबभर कानामागं लावून पाहू."

अल्बम आला तेव्हा पावसाळा संपत आला होता आणि मॅडम तिकडे डोंगरात, धारणीला निघून गेल्या होत्या. तिकडच्या गावांसाठी कोणी डॉक्टर मागत होतं. एक दिवस पाटी उतरवली, मला म्हणाल्या, "तिकडं कोनी गोरं करून नाही मांगत भाऊ. सरळ खरूज दाखवते. बरं वाटन." बस. तिकडे फोन लागला तर लागतो.

स्नेहल अल्बम घेऊन माझ्या दुकानात आली. आम्ही पानं उलटू लागलो. तुम्ही हल्लीचे अल्बम पाहिलेच असतील. सगळं गाव दुधात बुचकळून काढल्यासारखं. मीसुद्धा कपाळासकट एकसंध गोरा. स्नेहल तर पांढरीफेक. साखरपुड्यानंतर तिला दिसायचं होतं अगदी तशी. ती भराभर पानं उलटत होती आणि एका पानावर थांबली.

"मामाजी, ही कोण?"

आत्याबाईंचा कान धरून एक गोरीपान बाई होती. साडी मॅडमची होती.

मॅडम फोटो काढू देत नसत. आमच्याकडे त्यांचा हा एवढाच. स्नेहलनं तिथूनच कॅमेरावाल्याला फोन लावला. "भाऊ, हळदीचा तो फोटो होता तसा काढून द्या."

पलीकडून तो काहीतरी समजावत होता.

"सगळेच काळे दिसतील ना? दिसू द्या. मी पन."

तो फोटो आता माझ्या काउंटरच्या काचेखाली आहे. गिऱ्हाईकं विचारतात, रंग उतरला का याचा? मी म्हणतो, हव, उतरवूनच घेतला.

दिवाळी झाली आणि एका सकाळी आत्याबाई अकोल्याहून आल्या. तडक जिना चढून गेल्या, वरचं कुलूप बघून खाली आल्या. धारणीचं सांगितल्यावर काउंटरला टेकून उभ्या राहिल्या. मग त्यांचं काचेखाली लक्ष गेलं. वांगासकट त्या, लालसर सावळी स्नेहल आणि मधे मॅडम. मी मनातल्या मनात बोलणी खायची तयारी केली.

"मॅडम अश्शाच होत्या," आत्याबाई म्हणाल्या. मग विचारलं, "कधी येतीन?"

"सांगून नाही गेल्या."

त्या तिथेच उभ्या राहिल्या, फोटोकडे बघत. त्यांचं एक बोट कानामागे गेलं होतं आणि तिथली कातडी चाचपून बघत होतं.